न बसणारा गाळ

आमचे हे काय काम करतात, असं कुणी विचारलं की मी पूर्वी सांगायचे, "लॅबमध्ये आहेत." ऐकणाऱ्याला वाटायचं, रक्त-लघवी तपासत असतील. मग शेजारणी आपापल्या दुखण्यांचे कागद घेऊन यायच्या आणि हे बिचारे चष्मा लावून ते वाचायचेही. शेवटी मी सरळ सांगायला लागले, की आमचे हे घाण पाणी तपासतात. तेव्हापासून शेजारणी येत नाहीत.

घाण म्हणजे तशी घाण नव्हे. खाणीतून कोळसा निघतो तो माती-दगडाला सोबत घेऊनच. तो धुण्याचा मोठा कारखाना आमच्या वस्तीच्या कडेला आहे. धुतलेला कोळसा आपल्या वाटेने निघून जातो आणि मागे उरतं ते काळंभोर पाणी. त्यात कोळशाची आणि मातीची इतकी बारीक भुकटी असते, की चिमटीत धरली तर हाताला काही लागत नाही, नुसता रंग लागतो. ती भुकटी किती आहे, कसली आहे आणि तळाशी बसेल की नाही, हे शोधणं हा ह्यांचा धंदा. आमच्या लग्नाच्या आधीपासून हे हाच एक प्रश्न सोडवत आहेत आणि त्याचा त्यांना कंटाळा आलेला मी पाहिलेला नाही. माझा येत असेल कधी कधी, पण तसं दाखवत नाहीत.

ह्यांची लॅब म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला नळ आणि काळी पडलेली सिंकं, दुसऱ्या भिंतीला ओव्हन आणि एक छोटी भट्टी, आणि खिडकीपाशी दगडी ओट्यावर काचेच्या पेटीत ठेवलेला वजनकाटा. हा काटा ह्यांचा जीव की प्राण. दार आपटलं की त्याचे आकडे नाचतात, म्हणून दाराच्या चौकटीला मी शिवून दिलेली जाड कापडाची पट्टी ठोकलेली आहे. खिडकीतून समोर दिसते ती 'परात'. कागदोपत्री तिचं नाव थिकनर. पण एवढं मोठं, गोल, उथळ टाकं पाहून कुणीतरी कधीतरी तिला परात म्हटलं आणि आता साहेबसुद्धा परातच म्हणतात. काळं पाणी परातीच्या मधोमध येऊन पडतं, गाळ तळाशी जातो आणि काठावरून नितळ पाणी ओसंडून पुन्हा कोळसा धुवायला जातं. निदान तसं जायला हवं.

मला शिकवायची ह्यांना भारी हौस. आधी एक कोरा गाळणकागद वजन करून घ्यायचा. त्यातून मोजून पाणी गाळायचं. कागदावर उरलेल्या काळ्या थरासकट तो ओव्हनमध्ये सुकवायचा, हवेतली ओल लागू नये म्हणून झाकणाच्या काचपात्रात गार करायचा आणि पुन्हा वजन करायचं. दोन वजनांतला फरक म्हणजे पाण्यातला गाळ. मग त्यातली थोडी भुकटी भट्टीत जाळायची. कोळसा जळून जातो, माती राखेत राहते. राख जास्त तर माती जास्त. हे सगळं हे इतक्या प्रेमाने सांगतात, की मला मध्येच उठून कुकर बंद करायला जायचीही चोरी होते.

ह्या कामामुळे ह्यांच्या जिभेवर एक शब्द कायमचा राहायला आला आहे. "बसू दे." पाणी काचेच्या उंच भांड्यात घालून ठेवायचं आणि गाळ बसेपर्यंत मत द्यायचं नाही, हा लॅबचा नियम. तो हे घरी घेऊन आले. मुलीला कोणत्या कॉलेजात घालायचं? बसू दे. भिंतींना कोणता रंग द्यायचा? बसू दे. नणंदेशी माझं वाजलं, चूक कुणाची तेवढं सांगा म्हटलं, तर बसू दे. ते अजून बसलेलं नाही. मी शिवणकाम करणारी बाई. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, लोकांच्या कमरा वाढल्या की उसवायच्या पँटी. गिऱ्हाईक दारात उभं आणि माझं मशीन धावतंय, अशी माझी सकाळ. असल्या बाईच्या नशिबी असला नवरा यावा, याला काय म्हणावं!

दुसरी खोड हलवण्याची. नमुन्याची बाटली नुसती उभी राहिली तरी गाळ तळाशी जातो. तशीच ओतली तर वरचं पाणी येतं आणि आकडा खोटा निघतो. म्हणून ओतण्याआधी बाटली उलटीसुलटी करायची. आता हात आपोआपच चालतात. घरात तेल असो, खोकल्याचं औषध असो, ह्यांच्या हातात बाटली आली की ती उलटी झालीच समजा. माझे मामा पहिल्यांदा घरी आले, तेव्हा ह्यांनी मोठ्या आदराने सोड्याची बाटली चांगली उलटीसुलटी केली आणि त्यांच्यासमोरच उघडली. मामांना ह्यांचा सदरा घालून घरी जावं लागलं. अजूनही आमच्याकडे आले की ते साधं पाणी मागतात, आणि तेही स्वतः उठून घेतात.

आता माझ्या धाकट्या भावाबद्दल. आमच्या घराण्यातली सगळी घाई देवाने त्या एकट्यात ओतली. मी त्याच्यापुढे गोगलगाय. ताट पुढे आलं की इतरांचा पहिला घास होईपर्यंत हा हात धुवून मोकळा. आधी तो रंगाऱ्याकडे होता, तर पहिला हात वाळायच्या आत दुसरा मारायचा. मग एका बेकरीत लागला, तिथे ओव्हन दहादा उघडून बघायचा आणि पाव बसायचे. कामचुकार म्हणून त्याला कुणी कधी काढलं नाही, दर वेळी जास्त काम केलं म्हणूनच काढलं. कुठेच जम बसेना. शेवटी मी ह्यांच्या मागे लागले, की तुमच्या कारखान्यात त्याच्यासाठी शब्द टाका. हे म्हणाले, बसू दे. मी बसू दिलं नाही.

तो परातीवर लागला. काम औषध बनवण्याचं. बारीक भुकटी आपली आपण खाली बसत नाही, तिला औषध घालावं लागतं. ते औषध म्हणजे पांढरी पूड. पाण्यात विरघळली की तिचं बुळबुळीत पाणी होतं, आणि त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे लांबच लांब धागे असतात. ते धागे भुकटीचे कण गोळा करतात, कणांचे पुंजके होतात आणि जड होऊन तळ गाठतात. पूड एका टाकीत टाकायची, मोटारीच्या पंख्याने ढवळायची आणि परातीत सोडायची, हे भावाचं काम. दिवसभर ढवळतो म्हणून सगळे त्याला 'ढवळ्या' म्हणायला लागले आणि त्याला ते नाव फार आवडलं. सकाळी शीळ घालत कामावर जायचा. जन्मात पहिल्यांदा तो एका जागी टिकला होता. मी माझ्या मनात त्याची काळजी करायचं सोडूनही दिलं होतं.

आणि परात बिघडली. गाळ बसेना. काठावरून नितळ पाणी यायचं तिथून काळं यायला लागलं. त्याच काळ्या पाण्याने धुतलेला कोळसा जास्तच घाण निघायला लागला. बाजूचं राखीव तळं भरत चाललं. ते भरून वाहिलं असतं तर सगळं ओढ्यात, आणि ओढ्यावर लोकांचे मळे. साहेब आवाजाने मोठे, पण मनाने वाईट नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांचं डोकं फिरलं. परातीवर उभे राहून सगळ्यांदेखत भावाला म्हणाले, "औषध टाकतोस की झोपा काढतोस?" लॅबचा अहवाल येईपर्यंत घरी बस म्हणाले. आणि औषधात हयगय निघाली तर परत येऊ नकोस.

भाऊ तडक आमच्याकडे आला. माझ्या कापड बेतायच्या टेबलाशी येऊन खुर्चीत बसला आणि बसूनच राहिला. त्याला असं बसलेलं मी लहानपणी गोवर आला होता तेव्हा पाहिलं असेल. "ताई, एक दिवस चुकवला नाही गं मी," म्हणाला. "झोपा म्हणे. मला झोप कधी लागते ते तरी विचार." ही नोकरी गेली की तो पुन्हा कुठे टिकणार नाही, हे मला दिसत होतं, आणि त्यालाही.

हे घरी आले. बूट काढायच्या आधीच मी विचारलं, काय झालंय पाण्याला? हे म्हणाले, "खाणीत नवा थर लागलाय. त्यातून चिकणमाती येत असणार. ती असली की गाळ बसत नाही. ढवळ्याचा दोष नसावा."

भाऊ ताडकन उठला. मी त्याच्यासाठी चहा टाकला. आनंदाच्या भरात माझ्या लक्षातच आलं नाही, की ह्यांनी 'बसू दे' म्हटलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी हे उशिरा आले आणि हात धुता धुताच म्हणाले, "राख नेहमीएवढीच निघाली."

"म्हणजे?"

"म्हणजे माती वाढलेली नाही. मी काल उगाच बोललो."

"मग थोडी वाढवा," मी म्हटलं.

"काय?"

"राख. कागदावर."

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी लॅबचं दार धाडकन आपटलं. मग म्हणाले, "बसू दे." मग काय, माझा पारा चढला. मी म्हटलं, माझा भाऊ तिकडे नोकरीवर पाणी सोडायच्या बेताला आलाय आणि तुमचं आपलं बसू दे, बसू दे! तुम्हाला तुमचा गाळ जवळचा की माझा भाऊ? मी ताट वाढलं आणि मशीनवर जाऊन बसले. भावासाठी बोलले त्यात माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही. पण हात चालत असताना डोकंही चालतं. सरळ शिवण घालता घालता माझ्या लक्षात आलं, की आदल्या दिवशी ह्या माणसाने भट्टी न पेटवता, काही न जाळता, काही न तोलता मत देऊन टाकलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनाही ती मातीच असायला हवी होती. मला ह्यांची दया आली, पण राग होता तो होताच.

तिसऱ्या दिवशी हे भावालाच घेऊन घरी आले. म्हणाले, जेवायला थांब. सगळे जेवायला बसलो. ह्यांनी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय रे, तू औषध किती वेळ ढवळतोस?"

भावाची कळी खुलली. कुणीतरी त्याला त्याच्या कामाबद्दल विचारलं होतं. "अहो भावोजी, आधीचा माणूस सकाळ घालवायचा त्यात! तो पंखा कसा फिरायचा, माहीत आहे? झोपेत कूस बदलल्यासारखा. मी त्याचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. अशी काही भोवरी होते, बघत राहावं! पूड टाकली की चुटकीसरशी तयार. मधल्या वेळात मी रेलिंगसुद्धा पुसून काढतो."

ह्यांचा हात ताटातच थांबला. मी ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला सगळं कळलं. मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, मी रोज मशीन चालवते. नाजूक धागा लावून वेगाने हाणलं की तो तुटतो. ह्याने औषधातले सगळे धागे ढवळून ढवळून तोडून टाकले होते. औषध पडत होतं, वेळेवर पडत होतं, पण ते मेलेलं औषध होतं. झोपा काढल्या असत्या तर परात बिघडली नसती. जीव तोडून काम केलं म्हणून बिघडली.

हे एवढंच म्हणाले, "उद्या सकाळी माझ्याबरोबर लॅबमध्ये चल." भाऊ "बरं" म्हणाला आणि त्याने आणखी भात वाढून घेतला. मी ह्यांना एकटं गाठून काही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर मीच पुन्हा खोटं लिहा म्हणाले असते, आणि आता तर खोटं लिहायला मातीही उरली नव्हती.

पुढचं मला भावाने सांगितलं. ह्यांनी त्याच्यासमोर दोन उंच भांडी ठेवली. दोन्हींत परातीचंच काळं पाणी. एकात कारखान्याच्या टाकीतलं औषध घातलं. दुसऱ्यात त्याच पोत्यातल्या पुडीचं, पण लॅबमध्ये सावकाश ढवळून केलेलं. दोन्ही भांडी हलवून ठेवून दिली. दुसऱ्या भांड्यात काळे पुंजके झाले आणि भराभर खाली गेले. वरचं पाणी असं झालं, की पलीकडचा भिंतीवरचा पंखा दिसायला लागला. पहिलं तसंच काळं ठिक्कर. हे म्हणाले, "पूड एकच आहे. हे मी ढवळलंय, ते तू." भावाने ते काळं भांडं खिडकीशी उजेडात धरून पाहिलं. मग म्हणाला, "साहेबांना सांगितलंत?"

"नाही. आधी तुला दाखवायचं होतं."

मग माझ्या भावाने स्वतःच दोन्ही भांडी उचलली आणि तो साहेबांच्या खोलीकडे निघाला. हळूहळू चालत, कारण पाणी हिंदकळलं असतं. हे त्याच्यामागून गेले.

साहेबांना सांगावं लागलंच नाही. भांडी पाहिली आणि म्हणाले, "औषध तुटलंय. वेग वाढवलास?" भावाने मान हलवली. साहेब म्हणाले, "म्हणजे टाकत होतास. झोपा काढतोस म्हणालो, ते माझं चुकलं." आणि मग त्यांचा आवाज चढला. "पण तुला वेग वाढवायला सांगितलं कुणी?" भावाला वाटलं, संपलं आता.

तेव्हा हे म्हणाले, "साहेब, वाढवू नको असंही कुणी सांगितलं नव्हतं. नव्या माणसाला औषध बनवायला शिकवणं लॅबचं काम आहे. म्हणजे माझं. बाहेरचा माणूस असता तर मी पहिल्याच दिवशी टाकीपाशी उभा राहिलो असतो. हा घरचा, येता-जाता सांगू म्हटलं, आणि ते राहून गेलं. अहवालात मी तसंच लिहिलंय."

ह्यावर साहेबांनी ह्यांना असं काही झाडलं, की बाहेरच्या टेबलांवर कुणाच्या हाताची हालचाल होईना. इतक्या वर्षांच्या माणसाकडून ही अपेक्षा नव्हती, तळं ओढ्यात वाहिलं असतं म्हणजे, काय काय. हे उभे राहून ऐकत होते. मधून मधून "खरं आहे" म्हणत होते. शेवटी साहेब दमले आणि म्हणाले, "शिकवा त्याला. आजपासून. आणि ते बटण आधी खाली आणा." संध्याकाळ होईपर्यंत परातीच्या काठावरचं पाणी उजळायला लागलं होतं.

हे सगळं भाऊ मला माझ्या दारात उभा राहून सांगत होता. साहेबांच्या आवाजासकट, हातवाऱ्यांसकट. घरी आधी पोचला तो तोच, हे सांगायला नको. सांगता सांगता त्याचा आवाज फुटला. "ताई, माझ्यामुळे भावोजींना बोलणी खावी लागली गं. आणि ते मला वाटेत म्हणाले, तू ती भांडी एक थेंब न सांडता नेलीस."

हे आले. बूट काढले, जागच्या जागी ठेवले, चहा घेतला. मी विचारलं, "साहेब काय म्हणाले?"

"ठेवलं त्याला."

"तुम्हाला काय म्हणाले?"

"म्हणायचं ते म्हणाले. काम माझं होतं, राहिलं होतं."

मला रडू येत होतं आणि ह्यांचा रागही येत होता. मी म्हटलं, "मी सांगितलं तसं माती लिहून टाकली असती, तर ना त्याला कुणी बोललं असतं, ना तुम्हाला."

"आणि दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा तसंच ढवळलं असतं," हे म्हणाले. "पुढच्या वेळी साहेबांनी मला विचारलंच नसतं. सरळ काढून टाकलं असतं. आणि आपण का गेलो, हे त्याला जन्मभर कळलं नसतं."

रंगाऱ्याकडून तो गेला, बेकरीतून गेला, कुठूनकुठून गेला, आणि त्याचा हात धरून तुझं चुकतंय ते हे असं कुणी त्याला कधी दाखवलं नव्हतं. मीही नाही. मी नुसती त्याची बाजू घेत आले.

मग मी आमच्या घराण्याला शोभेल असंच केलं. जराही वेळ न घालवता, भाऊ समोर बसलेला असताना, ह्यांना सांगून टाकलं, की तुमच्याशी लग्न केलं हे मी फार चांगलं केलं आणि मला तुम्ही फार आवडता. हे कानापर्यंत लाल झाले.

"अगं," हळूच म्हणाले, "तो बघतोय ना."